आखूड बोटाचं पान

१

माझ्या हातचं झाड मरत नाही, असं मी म्हणत नाही, आमच्या बाळकुमच्या सोसायटीतल्या बायका म्हणतात. कुणाचा मोगरा रुसला, कुणाच्या कढीपत्त्यावर काळा मावा पडला, की कुंडी उचलून माझ्या दारात. "तुळसाताई, बघा ना काय झालंय." मीही मिरवून घेते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. रबराच्या चकत्या भिंगाखाली धरायच्या आणि खोट शोधायची. त्यामुळे एक सवय लागली. काही बिघडलं तर त्याला कारण असतं, आणि ते शोधल्याशिवाय मला जेवण जात नाही.

म्हणून ऐश्वर्याचं झाड मरायला लागलं तेव्हा मी ते फार मनाला लावून घेतलं.

ऐश्वर्या माझी एकुलती एक. लग्न होऊन नवऱ्याबरोबर, विनीतबरोबर, डोंबिवलीला असते, दर रविवारी येते. दिवाळीनंतर ती एक कुंडी घेऊन आली. आयव्ही म्हणे. नाजूक वेल, पाच टोकांची पानं, हाताच्या पंजासारखी. "आई, माझ्याकडे नाही टिकणार. तूच जगव," म्हणाली आणि गेली.

थंडी होती तोवर वेल बरी होती. उन्हाळा लागला तशी पानं कडेने तपकिरी व्हायला लागली. मी कडुनिंबाचं तेल फवारलं, ताक घातलं, चहाचा चोथा घातला, माती बदलली, कोळी लागला असेल म्हणून एकेक पान मागून-पुढून पुसलं. काडीचा फरक नाही. नर्सरीवाल्या पंढरीने तर कुंडी हातातसुद्धा घेतली नाही. "मावशी, हे थंडीतलं झाड. इथे नाही जगायचं. सोडून द्या."

सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं. पण मी इरेला पेटले. घरातला एकच एसी हॉलमध्ये, महिपतच्या पलंगापाशी, तर कुंडी तिथे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. महिपत म्हणजे माझा नवरा. आयुष्यभर त्याचं नाव घेतलं नाही, 'हे' आणि 'आमचे' म्हणत आले. आता घेते. खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. दोन वर्षांपूर्वी लकव्याचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कळतं सगळं. बघतो सगळं. तोंडातून फक्त "ऊं" निघतं.

मे महिना उजाडला तेव्हा वेलीवर सात पानं उरली होती. मी रोज सकाळी मोजायची.

२

त्या रविवारी गोदूबाईकडून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, आणल्या. ती खाडीवरची मासळी घेऊन आमच्या गेटवर बसते. "जिती हाय बग तुलसाबाय, बोट संबाल," म्हणाली. ऐश्वर्याला चिंबोऱ्यांचं कालवण जीव की प्राण.

स्वयंपाकघराची भट्टी झाली होती, म्हणून हॉलमध्ये एसीखाली वर्तमानपत्र पसरलं, पाटा-वरवंटा घेतला आणि बसले. महिपत वरून बघत होता. चार चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडून झाल्या. पाचवीने माझा अंगठा धरला. सोडेना. माझ्या डोक्यात तिडीक गेली, तोंडून शिवी सुटली. महिपतची शिवी, त्याच्याच चालीवर. मी हात पाट्यावर आपटून तिला सोडवलं आणि वरवंटा घातला. कवच फुटलं, तिथेच ती मेली. मी मात्र थांबले नाही. पुन्हा घातला, पुन्हा, पुन्हा. भानावर आले तेव्हा भिंतीवर शिंतोडे होते, महिपतच्या चादरीवर होते, आणि पाट्यावर खाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माझी आई मासळीचं धुवण कधी मोरीत ओतायची नाही. गावी ते माडाच्या मुळाशी जायचं. त्याच सवयीने मी चिंबोऱ्यांचं धुवण आयव्हीच्या कुंडीत ओतलं आणि पाटा धुवायला घेऊन गेले.

"चारच?" ऐश्वर्या जेवताना म्हणाली.

"एक पळाली," मी म्हटलं. ती हसली. मीही हसले.

बुधवारी वेलीला नवं पान आलं. मला एवढा आनंद झाला की पंढरीला फोन करून सुनावलं. मग कारखान्यातून निवृत्तीच्या वेळी आणलेलं भिंग काढलं आणि पान नीट पाहिलं. हिरवंगार, लखलखीत. दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे ते खिडकीकडे, उजेडाकडे तोंड करून यायचं सोडून घरात तोंड करून आलं होतं. दुसरी म्हणजे पाच टोकांतलं मधलं टोक अर्धंच होतं. किड्याने खाल्लेलं नव्हतं, फाटलेलं नव्हतं. टोकाला गोल, जाडसर, जुनी जखम भरून यावी तसं.

चादर बदलायला वळले तर महिपतचा उजवा हात छातीवर पडलेला. त्याचं मधलं बोट लहानपणी कोयतीखाली गेलेलं, अर्ध्यावर. मी पानाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि स्वतःलाच म्हटलं, तुळसा, ऊन डोक्याला लागलंय तुझ्या.

३

पुढच्या रविवारी गोदूबाईकडूनच चिंबोऱ्या मोडून, साफ करून घेतल्या. घरी फक्त धुतल्या आणि धुवण कुंडीत घातलं. बुधवारी काही नाही. शुक्रवारी एक जुनं पान गळलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच केलं, आणखी एक गळलं.

मग एका दुपारी फ्रिजमागून उंदीर निघाला आणि महिपतच्या पलंगाखाली शिरला. मी झाडूचा दांडा घेतला. पाच घाव घातले. दुसऱ्यालाच तो हलायचा थांबला होता. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला, फरशी पुसली. कुंडीत थेंबभर काही घातलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पानं. दोन्ही घरात तोंड केलेली, दोन्हींचं मधलं टोक आखूड.

म्हणजे धुवणाचा संबंधच नव्हता.

दोन नगांवर कुणी निकाल देत नाही, असं आमचे सुपरवायझर म्हणायचे. तिसरा नग मी मुद्दाम घेतला. हे लिहायला लाज वाटते. मंगळवारी एकच जिवंत चिंबोरी आणली, कुंडीसमोर फरशीवर बसले, आणि एकेक नांगी सावकाश पिळून तोडली. ती उरलेल्या पायांवर सरपटत पलंगाकडे जायची, मी ओढून आणायची. शेवटी तिला पाय उरले नाहीत. मग वरवंटा.

वरवंटा खाली आला आणि कट्ट्यावरून आवाज आला. ओला कागद काचेवरून सोलावा तसा. बारीक, लांबलेला. मी मान वर केली. पान माझ्या डोळ्यांदेखत उलगडत होतं. मधलं टोक आखूड.

महिपतने डोळे घट्ट मिटले होते. "ऊं, ऊं," करत होता. हा माणूस माझ्यासमोर कधी घाबरलेला मी पाहिला नव्हता. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

४

आता महिपतबद्दल सांगायलाच हवं. त्याने मला वीस वर्षं मारलं. प्यायला की मारायचा, आणि प्यायला नाही तरी मारायचा. उजव्या हाताने, गालावर. चार बोटं उमटायची, तीन लांब आणि एक आखूड. सकाळी मी त्यावर पावडर थापायची. कारखान्यातल्या बायकांनी विचारलं तर ठरलेलं उत्तर, "काही नाही गं. कपाटाचं दार लागलं." एवढी कपाटं कुणाच्या घरात असतात, असं कुणी विचारलं नाही.

ऐश्वर्या दहावीला असताना एकदा मध्ये पडली. लहानपणापासून तिची सवय होती, आवाज चढला की उजवा कोपर चेहऱ्यावर आडवा धरायची. त्या दिवशी तो कोपर धरायला उशीर झाला. तिची डावी भुवई फुटली, तीन टाके पडले. त्यानंतर त्याने हात उचलला नाही, पण कधी उचलेल ही धास्ती राहिली. मी त्या दिवशी मनाशी एकच ठरवलं होतं, या घरातला हात माझ्या पोरीवर पुन्हा पडणार नाही. त्याला अटॅक आला, त्याचा तो हात गादीवर मेल्यासारखा पडला, तेव्हा मला वाटलं, झालं, संपलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी तीन वाजता मी त्याला नाचणीची पेज भरवत होते. त्याने घास तोंडात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि थुंकला. माझ्या तोंडावर. मुद्दाम. अर्ध्या तोंडाने हसलाही.

मी त्याच्या कानाखाली वाजवली.

आयुष्यात पहिल्यांदा. हातात मुंग्या आल्या, कानात वारं भरलं. मागून तो कागद सोलल्याचा आवाज आला, पण मी तिकडे पाहिलं नाही. मी त्याच्या गालाकडे बघत होते. खूण हळूहळू वर येत होती. चार बोटं. तीन लांब, एक आखूड.

मी माझा उजवा हात डोळ्यासमोर धरला. पाचही बोटं धडधाकट, पूर्ण. भिंग आणून पुन्हा त्याचा गाल पाहिला. कातडी सैल असेल, हाड मध्ये आलं असेल, घाव तिरका बसला असेल, अशी कारणं मी मोजत बसले. एकही पटलं नाही.

सकाळी वेल वीतभर वाढली होती आणि कट्ट्यावरून उतरून पलंगाच्या दांड्याला धरली होती. सोडवायला गेले तर तिची बारीक मुळं दांड्याचा रंग घेऊन निघाली.

दुसऱ्यांदा त्याला का मारलं ते आठवतं, त्याने औषध सांडलं होतं. तिसऱ्यांदा का, तेही आठवतं. पाचव्यांदा का मारलं ते आठवत नाही.

५

आयव्ही मात्र अशी फोफावली की सोसायटीतल्या बायका बघायला आल्या. ग्रुपवर फोटो गेला, खाली पन्नास अंगठे. "तुळसाताई, सिक्रेट सांगा ना!" मी म्हटलं, मासळीचं धुवण घालते. दोघी-तिघींनी लगेच लिहून घेतलं.

मला भीती वाटायला लागली होती, ती झाडाची नव्हे. सकाळी उठल्यावर माझा उजवा तळहात खाजायचा, आणि महिपतच्या पलंगाकडे जाताना मला उगाच हुरूप यायचा.

एका सोमवारी मी मन घट्ट केलं. वेल सोडवली, कुंडी उचलून बाल्कनीत उन्हात ठेवली आणि दार लावलं. मरू दे. चार दिवस पाणी घातलं नाही, हातसुद्धा लावला नाही, महिपतच्या गालालाही नाही. पानं मलूल झाली, कडा वळल्या. इकडे माझा तळहात इतका खाजत होता की मी तो पाट्यावर घासायची. पाचव्या दिवशी दुपारी डोळा लागला. उठले तर कुंडी हॉलमध्ये, पलंगापाशी. माझ्या हाताला ओली माती होती. कुंडी काही चालत येत नाही, मीच आणली असणार.

वेल महिपतच्या उजव्या मनगटावर गेली होती. मेलेल्या हातावर. मुळं कातडीत रुतली होती, आणि तो हात, जो डॉक्टरांच्या मते पुन्हा कधी मिटणार नव्हता, तो मिटलेला होता. मूठ आवळलेली. आखूड बोट बाकीच्यांच्या मध्ये दाबून बसलेलं.

मी ती मूठ उघडायला लागले. एकेक बोट ताकदीने मागे ओढावं लागत होतं. महिपत माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटचं बोट उघडलं, हात थाडकन गादीवर पडला, मांसाचा गोळा झाला. त्याच क्षणी माझ्या तळहाताची खाज थांबली.

मी वेल मनगटावरून ओढून काढली. जिथे जिथे मूळ होतं तिथे रक्ताचा टिपका उठला.

६

रविवारी ऐश्वर्या आली. मी चिंबोऱ्या आणल्या होत्या, पाटा मांडला होता. हात धुवून ती बापापाशी गेली.

"आई, बाबांच्या गालाला काय झालंय?"

"काही नाही. पलंगाचा दांडा लागला."

माझ्या तोंडून ते निघालं आणि माझं मलाच ऐकू आलं. तेच वाक्य, तोच सूर, तीच घाई. फक्त कपाटाच्या जागी पलंग. ऐश्वर्यानेही ते ओळखलं. ते ऐकतच ती मोठी झाली होती.

तिने वाकून बापाच्या गालावर बोट ठेवलं. एक, दोन, तीन, चार.

"आई, ही खूण मला माहितीये. आरशात बघितलीये मी." तिचा हात आपोआप भुवईवर गेला. "ही बाबांच्या हाताची आहे. पण बाबांचा हात तर… तुझा हात दाखव."

"माझा हात काय दाखव? दोन वर्षं त्याचं हगणंमुतणं काढतेय हा हात!"

"आई, ओरडू नको ना. मी फक्त विचारतेय."

"मग बोलायला काय जातंय तुझं? आठवड्यातून एकदा येतेस, जेवतेस, जातेस!"

ती उभी राहिली. शांतपणे म्हणाली, "मी बाबांना डोंबिवलीला घेऊन जाते. विनीतशी बोलते मी. तू दमलीयेस."

मला राग आला. असा राग मला माझ्या आयुष्यात आला नव्हता. ज्याने हिची भुवई फोडली त्याला ही घेऊन जाणार, आणि ज्या आईने हिच्यासाठी वीस वर्षं गाल पुढे केला तिला म्हणणार, तू दमलीयेस. मी तिच्या अगदी जवळ गेले. कट्ट्यावर सळसळ झाली. एसी बंद होता, खिडकी बंद होती. तिच्या खांद्यावरून मला वेल दिसत होती, आणि वेलीवरचं एकेक पान वळून तिच्याकडे तोंड करत होतं. शेकडो पंजे. सगळ्यांचं मधलं बोट आखूड.

माझा हात वर गेला.

ऐश्वर्याने उजवा कोपर चेहऱ्यावर आडवा धरला. एकतीस वर्षांची बाई, बँकेत साहेब असलेली. डोळे मिटलेले, मान आत ओढलेली.

तो कोपर पाहिला आणि मी खाली बसले. हात अजून वरच होता, खाली येत नव्हता, तिच्याकडेच ओढला जात होता. मी डाव्या हाताने त्याला मनगटाशी धरून पाट्यावर दाबला, त्यावर गुडघा रोवला आणि वरवंटा उचलला. पहिल्या घावाला बोटं मोडली. मला ऐकू आली. दुसऱ्याला तळहाताचं हाड गेलं. तिसऱ्याची गरज नव्हती, पण तिसराही घातला.

ऐश्वर्या किंचाळत होती. माझ्या हातातून वरवंटा ओढून घेताना तिचा धक्का लागला आणि कुंडी कट्ट्यावरून खाली आली. माती, खापऱ्या आणि माझं रक्त फरशीवर एक झालं. शुद्ध जायच्या आधी मी एवढंच पाहिलं की कुंडी फुटली आहे, आणि मला फार बरं वाटलं.

७

हॉस्पिटलमध्ये पाच दिवस ठेवलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर. डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण बोटं सरळ होणार नाहीत. मी म्हटलं, नकोतच. ऐश्वर्याने सगळ्यांना सांगितलं, आईच्या डोक्यावर ताण आला होता. तिने रजा काढली, बॅग घेऊन बाळकुमला राहायला आली. महिपतचं सगळं तीच करते. मला आतल्या खोलीत झोपवलंय.

घरी आल्यावर पहिलं विचारलं, "झाड?"

"कुंडी फुटली ना आई. टाकलं सगळं. तू आराम कर."

मी भिंतीकडे तोंड करून पोटभर रडले. वाटलं, हात गेला तर गेला, पोर वाचली.

आज दुपारी ती चहा घेऊन आली. चेहरा ओढलेला, पण हसत होती. "आई, तुला सांगणार नव्हते, सरप्राइज होतं. एक फांदी वाचवली मी. बाटलीत पाण्यात ठेवलीये, बाबांच्या पलंगाच्या दांड्याला बांधून. तू एवढ्या मायेने जगवलेली, मला टाकवेना. आणि माहितीये, मुळं फुटलीत, नवीन पानही आलंय! फक्त जरा वेडंवाकडं आलंय. सगळी बोटं मोडल्यासारखी."

मी चादर बाजूला सारली. तोवर ती उठली होती. "आलेच हं, बाबांची पेज राहिलीये."

"ऐशू!" मी ओरडले. "ऐशू, ती बाटली फेक! आत्ताच्या आत्ता!"

"हो गं, येते. भरवून होऊ दे."

मी एका हातावर उठायला बघत होते. बाहेर वाटीत चमचा वाजला. मग महिपत थुंकल्याचा आवाज.

"बाबा!" ऐश्वर्याचा आवाज. चमचा पुन्हा वाजला. पुन्हा थुंकणं. "बाबा, परत नाही हं. सांगून ठेवते."

मी पलंगावरून पाय खाली टाकले. दारापर्यंत चार पावलं होती.

मग तो आवाज आला. वीस वर्षं मी तो गालाच्या आतून ऐकला आहे, मला ओळखायला वेळ लागत नाही. आणि त्याच्या पाठोपाठ तो दुसरा, ओला कागद काचेवरून सोलल्यासारखा, सावकाश, लांबवर.

"ऐशू," मी दाराला धरून म्हटलं, "काय झालं गं?"

बाहेर वाटी खाली टेकली. मग तिने उत्तर दिलं. अगदी सहज, जरा घाईत.

"काही नाही गं आई. कपाटाचं दार लागलं."